वादळांच्या मागावर : टेक्सास ते कॅन्सस

मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या मधल्या मैदानी पट्ट्यात भटकून आले. भटकंतीला ठरलेली ठिकाणं नव्हती. रोज सकाळी हवामानाचा अंदाज बघायचा, संध्याकाळी वादळ कुठे उठेल ते ताडायचं आणि गाडी तिकडे वळवायची. माझा आतेभाऊ डॅलसजवळ प्लेनोला राहतो. दर वसंतात तो सुट्टी काढून स्टॉर्म चेसिंगला जातो. तिथल्या हवामान खात्याचं 'स्कायवॉर्न' हे वादळं ओळखून कळवायचं मोफत प्रशिक्षणही त्याने घेतलंय, त्यामुळे गाडी, रडार आणि निर्णय हे सगळं दादाकडे होतं. माझ्याकडे कॅमेरे.

मी राहते पुण्यात, पण घर सांगोल्याचं. वळिवाचं आभाळ आणि विजा हा माझ्या फोटोग्राफीचा विषय. आमच्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर भागात जी गारपीट झाली, ती आम्ही अंगणातून पाहिलीय. ढग कितीही देखणा असला तरी त्याच्याखाली कुणाचं तरी पीक उभं असतं, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ते मनात धरूनच हा प्रवास केला.

शनिवार : प्लेनो, नॉर्मन, एल रिनो

वहिनींनी मोठा डबा भरून दिला होता : कडक भाकरी, शेंगाचटणी, भाजलेले दाणे आणि गूळ. चेसिंगला जाणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच की खाणं सोबत ठेवा. दुपारी चारनंतर जेवायला थांबता येत नाही आणि रात्री दहानंतर छोट्या गावांत पेट्रोलपंपापलीकडे काही उघडं नसतं. कडक भाकरी तर या कामासाठीच केल्यासारखी आहे. मोडते, पण खराब होत नाही.

रेड रिव्हर ओलांडली की ओक्लाहोमा. अकराच्या सुमारास नॉर्मनला पोचलो. हे गाव म्हणजे हवामानशास्त्राची पंढरी. विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग, टोर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी प्रचंड वावटळ) आणि गारपिटीचा देशभराचा अंदाज देणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आणि वादळांवर संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा, सगळं नॅशनल वेदर सेंटरच्या एकाच इमारतीत आहे. ती आतून बघायची असेल तर कामाच्या दिवशी जा आणि आधी नोंदणी करा. आम्ही बाहेरूनच पाहिली.

बरोबर बारा वाजता भोंगा वाजला. लांबून एक, मग जवळचा, मग चहूबाजूंनी. मी दचकून आभाळ बघितलं, तर निरभ्र. ओक्लाहोमा सिटीच्या परिसरात दर शनिवारी दुपारी बाराला टोर्नेडोच्या भोंग्यांची चाचणी होते. हवा खराब असेल तर चाचणी घेत नाहीत, म्हणजे गोंधळ होत नाही. रस्त्यावर एक बाई बाळाला गाडीतून फिरवत होती. तिने मानही वर केली नाही. बाळानेही नाही.

दुपारी पश्चिमेला एल रिनोला गेलो. इथला कांदा-बर्गर प्रसिद्ध आहे. जागतिक मंदीच्या काळात बीफ पुरवून वापरण्यासाठी त्यात कांद्याचे पातळ काप दाबून भाजायला लागले आणि तीच पद्धत टिकली. एका छोट्या डायनरमध्ये काउंटरवर बसून खाल्ला. तव्यावर कांदा करपून गोडसर होतो आणि तो वास दुसऱ्या दिवशीही ओढणीला होता.

बर्गरसाठी थांबलो असलो, तरी दादाने मला एल रिनोला आणलं होतं दुसऱ्याच कारणासाठी. या गावाच्या दक्षिणेला जेमतेम काही मैलांवर युनियन सिटी आहे. २४ मे १९७३ ला तिथल्या टोर्नेडोचा जन्मापासून विरेपर्यंतचा सगळा प्रवास संशोधकांनी जमिनीवरून चित्रित केला आणि त्याच वेळी नॉर्मनच्या डॉपलर रडारने (वाऱ्याचा वेगही टिपणाऱ्या रडारने) ढगातलं फिरणं टिपलं. टोर्नेडो जमिनीवर येण्याआधी रडारवर दिसू शकतो, हे तिथे कळलं. आज फोनवर येणाऱ्या इशाऱ्यांची सुरुवात त्या शेतांमधली आहे. आणि ३१ मे २०१३ ला एल रिनोच्या दक्षिणेला ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो झाला. नोंदलेल्यांमध्ये सर्वांत रुंद. तो पाहता पाहता फुगला, वळला, पावसाच्या पडद्यात लपला. टोर्नेडोचे संशोधक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग या तिघांचा त्यात जीव गेला. समारस हौशी किंवा बेफिकीर माणूस नव्हते. २००३ साली दक्षिण डकोटात त्यांनी टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने हवेचा दाब १०० मिलिबारने घसरल्याचं मोजलं होतं. या क्षेत्रातल्या सर्वांत सावध लोकांत त्यांचं नाव घेतलं जायचं.

त्या तिघांचं स्मारक एका शेतरस्त्याच्या चौकात आहे. आजूबाजूला गहू. कुणीतरी ठेवलेल्या छोट्या वस्तू, नाणी, एक लेन्सचं झाकण. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे बघ, आपण फिरतोय तोवर मी 'निघायचं' म्हटलं की निघायचं. एक फोटो घेते, असं म्हणायचं नाही." मी हो म्हटलं.

एक गोष्ट इथे नीट समजली. टोर्नेडोची ताकद सांगणारी ईएफ श्रेणी (० ते ५) वाऱ्याचा वेग थेट मोजून देत नाहीत, मागे राहिलेल्या नुकसानीवरून देतात. एल रिनोच्या टोर्नेडोत गाडीवर बसवलेल्या रडारने ताशी ४६० किलोमीटरच्या वर वारा मोजला होता, पण तो बहुतेक उघड्या रानातून गेला, म्हणून अधिकृत श्रेणी ईएफ-३. श्रेणी कमी म्हणजे वादळ कमी, असं समजू नये.

रविवार : टेक्सास पॅनहँडल

सकाळी पश्चिमेकडे निघालो, अमरिलोच्या दिशेने. टेक्सासच्या या उत्तरेकडच्या चौकोनी भागाला पॅनहँडल म्हणतात. वादळ झालं नाही. ते का झालं नाही हे सांगण्यासारखं आहे, कारण या खेळातले निम्मे दिवस असेच जातात.

मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा दक्षिणेकडून या मैदानात शिरते. न्यू मेक्सिकोच्या उंच पठारावरून कोरडी, तापलेली हवा पश्चिमेकडून येते. दोन्ही जिथे भिडतात ती सीमा म्हणजे ड्रायलाइन. तिच्या पूर्वेला अंग चिकचिकतं, पश्चिमेला ओठ फुटतात. गाडीने ती ओलांडताना काच खाली करून हात बाहेर काढला तरी फरक कळतो. या ड्रायलाइनवर दुपारी ढग उठतात. वर वारा वेगळ्या दिशेने आणि जास्त वेगाने वाहत असेल, तर वर चढणारी हवा फिरायला लागते आणि मग सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा मोठा वादळी ढग, तयार होतो. पण दमट हवेच्या डोक्यावर बहुतेकदा उष्ण हवेचा थर बसलेला असतो. चेसर त्याला 'कॅप' म्हणतात. कॅप कच्ची असली तर सकाळीच सगळीकडे ढग फुटतात आणि एकही धड मोठा होत नाही. जेवढी हवी तेवढीच असली तर संध्याकाळी एकच ढग ती फोडून वर जातो आणि सगळी ताकद त्यालाच मिळते. रविवारी कॅप पक्की होती. ढगाचे मनोरे उठले, माना टाकल्या आणि विरले. सहानंतर आभाळ कोरं.

मग पालो ड्युरो कॅन्यनला गेलो. सपाट जमिनीवरून चालत असताना अचानक पायाखाली लाल दरी उघडते. सुमारे १९० किलोमीटर लांब. कडेला उभं राहून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. शेजारच्या टेबलावर एक टेक्सन कुटुंब होतं. त्यांच्या आजीबाईंनी भाकरीचा तुकडा चाखला, दोनदा चावला आणि आणखी चटणी मागितली.

सोमवार : डलहार्टजवळ

या दिवसासाठी मी इथवर आले होते.

डलहार्टच्या बाजूला गुरांचे प्रचंड गोठे आहेत. उघड्या कुंपणात हजारोंनी गुरं, आणि वारा फिरला की तो वास. दादा त्या वासावरून वाऱ्याची दिशा सांगत होता. चार वाजता ड्रायलाइनवर पहिला मनोरा उठला आणि विरला. मग दुसरा. साडेपाचनंतर आणखी एक उठला आणि तो थांबलाच नाही. त्याच्या कडा पांढऱ्या, टणक, फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या दिसू लागल्या. कडा अशा कोरीव असल्या की ढग जोमात आहे. त्या धूसर, पिंजलेल्या दिसू लागल्या की जोम ओसरतोय. हे आपल्याकडच्या वळिवालाही तंतोतंत लागू पडतं, घरच्या गच्चीवरून पडताळून पाहा.

वादळ ईशान्येकडे सरकत असेल तर त्याच्या आग्नेयेला थांबायचं. पाऊस आणि गारा तुमच्या उत्तरेला पडतात, ढगाचा कोरडा तळ समोर दिसतो आणि दक्षिणेकडे पळायला वाट मोकळी राहते. मातीचा एक रस्ता, तारेचं कुंपण, एक जुनी पवनचक्की आणि गुरांसाठी पाण्याची टाकी. तिथे थांबलो. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला, इंजिन चालू.

ढग आमच्यापासून बारा-पंधरा किलोमीटरवर असेल. पाऊस जवळजवळ नव्हता, म्हणून तो अख्खा दिसत होता : खाली सपाट काळसर तळ, त्यावर पिळलेला खांब, खांबावर एकावर एक चढलेल्या रेषा आणि वर मैलोन्‌मैल पूर्वेकडे पसरलेली ऐरण, म्हणजे ढगाचा ऐरणीसारखा सपाट माथा. तो फिरतोय हे लगेच कळत नाही. डोळे एका रेषेवर रोखून अर्धा मिनिट थांबलं की ती रेषा डावीकडून उजवीकडे सरकताना दिसते. मग नजर हलवता येत नाही.

वारा पाठीमागून, आग्नेयेकडून येत होता, उबदार आणि दमट. ढग आमच्याजवळची हवा ओढून घेत होता. गवत सगळं त्याच्याकडे वाकलेलं. कुंपणाच्या खांबावर एक मेडोलार्क बसला होता, पिवळ्या छातीवर काळी खूण असलेला. एवढा ढग समोर असताना तो गातच होता. त्याचं गाणं आणि मागून खोल गुरगुरणारा गडगडाट, दोन्ही एकाच वेळी ऐकू येत होते. कॅमेऱ्याने आवाज घेतला नाही याची हळहळ वाटते.

फोटोबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हेच सगळे विचारतात. अशा ढगासाठी टेलिलेन्स नको. १४ ते २४ मिलिमीटरची वाइड लेन्स हवी आणि तरीही ढग मावत नाही. मी कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवत फ्रेम घेतल्या आणि नंतर जोडल्या. फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, नाहीतर जोड दिसतात. ऐरणीची पांढरी कड जळू द्यायची नाही. सावल्या रॉ फाइलमधून परत मिळतात, जळलेला पांढरा मिळत नाही. आणि खाली जमिनीचं काहीतरी हवंच. पवनचक्की नसती तर तो ढग केवढा होता हे कुणालाच कळलं नसतं.

साडेआठनंतर सूर्य ढगाच्या मागे गेला आणि विजा मोजता येईनात एवढ्या वाढल्या. इथे नियम कडक आहे. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. उघड्या माळावर धातूच्या ट्रायपॉडशेजारी उभं राहणं म्हणजे तिथली सर्वांत उंच वस्तू होणं. मी गाडीत बसून, काचेला क्लॅम्प लावून, केबल रिलीजने फोटो काढले. आयएसओ १००, एफ ८, अंधार वाढेल तसं पाच ते वीस सेकंदांचं एक्सपोजर, एकामागून एक. पत्र्याच्या बंद गाडीत वीज शरीराबाहेरून जमिनीत जाते. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये ते संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे दर वर्षी शेतात, झाडाखाली थांबलेली माणसं विजेने जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा आणि गावाकडच्या माणसांच्या फोनवरही टाकून द्या.

मंगळवार : ग्रीन्सबर्ग आणि प्रॅट

वादळं होणार नव्हती, म्हणून उत्तरेला कॅन्ससमध्ये सरकलो. लिबरलहून महामार्ग ५४ धरला की दोन्ही बाजूंना फक्त गहू आणि धान्य साठवायचे पांढरे मनोरे, सायलो. प्रत्येक गाव आधी सायलोने दिसतं आणि मग बऱ्याच वेळाने येतं.

ग्रीन्सबर्ग मात्र वेगळंच दिसतं. मोठी झाडं कमी, घरं नवी. ४ मे २००७ च्या रात्री २.७ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो या गावावरून गेला आणि गावाचा सुमारे ९५ टक्के भाग सपाट झाला. नवी ईएफ श्रेणी त्याच वर्षी लागू झाली होती आणि तिच्यातली पहिली ईएफ-५ नोंद या गावाच्या वाट्याला आली. इशारा वेळेत मिळाला होता, लोक तळघरांत गेले होते, म्हणून वस्तीच्या मानाने मृत्यू कमी झाले. मग गावाने ठरवलं की परत उभं राहायचं ते पर्यावरणपूरक पद्धतीने. शाळा, दवाखाना, नगरपालिका सगळं त्या निकषांवर बांधलं. गावाला लागणाऱ्या विजेसाठी दहा पवनचक्क्या उभ्या केल्या.

इथलं बिग वेल संग्रहालय अजिबात चुकवू नका. १८८७ मध्ये हातांनी खणायला घेतलेली ही विहीर १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद आहे. वळसे घेत जिन्याने आत उतरता येतं. विहिरीच्या दगडी बांधकामावर हात ठेवला तेव्हा आमच्या मळ्यातली विहीर आठवली नाही असं कसं होईल. वर भिंतीवर वादळानंतरचे फोटो आहेत. साली सोललेली झाडं, पायऱ्या राहिलेल्या पण घर नसलेल्या जागा. काउंटरवरच्या बाई त्या रात्री गावात होत्या. "तळघरातून वर आलो तेव्हा आधी तारे दिसले," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून तारे दिसत नाहीत, म्हणून मला कळेचना मी कुठे आहे." त्यांनी आमच्या कॅमेऱ्यांकडे बघून विचारलं, "तुम्ही चेसर?" दादाने हो म्हटलं. "मग दिसलं तर फोन करून कळवत जा," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. रडारचा झोत लांबवर जाताना पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीपासून उंच जातो, खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून प्रशिक्षित माणसाने डोळ्यांनी पाहून दिलेली खबर आजही लागते. चेसिंगला जाणार असाल तर ते प्रशिक्षण घ्या. पैसे लागत नाहीत, काही तासांचंच असतं.

मुक्काम प्रॅटला, एका गुजराती जोडप्याच्या मोटेलमध्ये. आम्ही मराठीत बोलताना ऐकलं आणि बेन काउंटरमागून बाहेरच आल्या. त्यांचं लहानपण मुंबईत मालाडला गेलेलं. "बेटा, बाहेर काय खाणार? खिचडी टाकते," म्हणाल्या, आणि खिचडी-कढी, लसणाची चटणी आणि तळलेले पापड आले. जेवताना काकांनी लॉन्ड्रीची खोली दाखवली. मधोमध, खिडकी नसलेली, तिथे पाणी, टॉर्च, बॅटरीवरचा वेदर रेडिओ. भोंगा वाजला की सगळ्या पाहुण्यांना तिथे जमवतात. कुठल्याही मोटेलमध्ये खोली घेताना हा प्रश्न विचारा : आडोशाची जागा कुठली? उत्तर नसेल तर तळमजल्यावरची, बाथरूम मधल्या भिंतीला असलेली खोली मागा.

बुधवार : ग्रेट बेंड, ला क्रॉस

सकाळी आठच्या अंदाजात मध्य कॅन्ससवर 'मॉडरेट' आलं. नावावरून मध्यम वाटेल, पण धोक्याच्या पाच पायऱ्यांमधली ती चौथी आहे. नवा अंदाज साडेअकराला येतो. तोवर ग्रेट बेंडच्या पेट्रोलपंपावर थांबलो. तिथे जत्राच होती : गारांनी पोचे पडलेल्या गाड्या, विद्यार्थी, जर्मनीहून आलेला गट, बॉनेटवर नकाशा पसरून बसलेले सत्तरीतले दोघे भाऊ. ते दोघे दर वर्षी येतात. आधी गव्हाची चौकशी करतात, मग वादळाची. एका भावाने मला सांगितलं, "रडार बघ, पण दर पाच मिनिटांनी मान वर कर. स्क्रीनवरचं चित्र जुनं असतं." खरंच काही मिनिटं जुनं असतं, आणि तेवढ्यात वादळ काही किलोमीटर सरकलेलं असतं.

साडेतीनला ढग फुटले. पाचपर्यंत आमच्यासमोरच्या वादळाच्या नैर्ऋत्य टोकाला, जिथे पाऊस संपतो तिथे, तळापासून एक ढग खाली उतरला. वॉल क्लाउड. त्याच्यात धुरासारखे तुकडे वर जात होते, वेगाने. फोनवर टोर्नेडोचा इशारा वाजला. आम्ही सहा-सात किलोमीटरवर, ला क्रॉसच्या बाजूच्या एका चढावर होतो. या भागात पूर्वी झाडं नसल्यामुळे कुंपणाचे खांब चुनखडीच्या दगडाचे आहेत, पिवळसर, पुरुषभर उंच, प्रत्येकावर छिन्नीच्या खुणा. त्या खांबांची रांग फ्रेममध्ये घेतली आणि मागे, तळाखाली, एक पांढरा शंकू उतरला.

आधी जमिनीवर काहीच दिसलं नाही. मग धूळ उठली, लाल-तपकिरी, आणि शंकूपेक्षा रुंद पसरली. आवाज आला नाही. इतक्या लांबून तो येत नाही. फक्त वारा, आणि दादाचा फोनवरचा आवाज, रस्त्याचा क्रमांक आणि दिशा सांगणारा. त्याने आधी खबर दिली, मग स्वतःचा कॅमेरा उचलला. पश्चिमेकडून ऊन पडलं होतं, टोर्नेडो पांढरा, मागचा पाऊस गडद निळा. त्यापेक्षा चांगला प्रकाश मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

काही मिनिटांत उत्तरेकडचा पाऊस वळून त्याच्याभोवती येऊ लागला. शंकूची डावी कड पुसट झाली. "निघायचं," दादा म्हणाला. मी कॅमेरा मांडीवर घेतला आणि दार लावलं. आमच्या मागे तीस-चाळीस गाड्या अजून उभ्या होत्या आणि काही उलट, पावसाच्या दिशेने निघाल्या होत्या. पावसात गुंडाळलेल्या टोर्नेडोच्या जवळ जाण्यात काहीच हाशील नाही. दिसत काही नाही आणि सुटायची वाट कळत नाही. शिवाय इथले मातीचे रस्ते ओले झाले की गाडी साबणावर ठेवल्यासारखी जाते. आमच्याकडे डांबरी रस्ता होता, दक्षिणेला आठ किलोमीटर, मग पूर्वेला. दादाने तो सकाळीच नकाशावर हेरून ठेवला होता.

तरी वादळाची कड लागलीच. टपावर पहिली गार आदळली तो आवाज बंदुकीचा वाटला. मग बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आम्ही एका बंद पडलेल्या सायलोच्या आडोशाला थांबलो. समोर गव्हाचं शेत होतं, ओंब्या आलेल्या, अजून हिरवट. दहा मिनिटांत ते आडवं झालं. त्याचा एकही फोटो मी तेव्हा काढला नाही.

गुरुवार : ला क्रॉस, हेज

सकाळी दादाला म्हटलं, त्या शेताकडे जाऊ या. शेतकरी तिथेच होता, साठीचा, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. आम्ही गाडीतून उतरून ओळख सांगितली. माझ्या घरी डाळिंबं आहेत आणि गारपीट आम्ही भोगलीय, असं मी सांगितल्यावर तो आम्हाला शेतात घेऊन गेला.

त्याने एक काडी उचलली, कुठे मोडलीय ते दाखवलं. ओंबीच्या खाली मोडली असेल तर दाणा भरत नाही. बुडापाशी नुसती वाकली असेल तर काही दिवसांत थोडी उठते. मग ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली. दाणा हिरवा, नखाने दाबल्यावर दुधाळ रस आला. काढणीला अजून तीन आठवडे होते. तो बोलताना कुठेही आवाज चढला नाही, पण दाणे त्याने खाली टाकले नाहीत, खिशात घातले. आमचे आबा असंच करतात.

"तुमच्याकडे विमा मिळतो?" त्याने विचारलं. मिळतो, पण पंचनामा कधी होईल सांगता येत नाही, असं मी म्हटलं. इथे गारपिटीचा वेगळा विमा असतो. पण तपासनीस लगेच येत नाही. पीक किती उठतं ते कळावं म्हणून आठ-दहा दिवस थांबतात. मग त्याने विचारलं, काल ढगाचे फोटो काढले तेव्हा माझं शेत आलंय का? वेळेसकट? चढावरून घेतलेल्या फ्रेममध्ये सायलो दिसत होता आणि त्याच्यावर गारांचा पांढरा पडदा. आडव्या गव्हाचे फोटो मात्र तेव्हा काढले नव्हते, ते आता काढले, त्याने सांगितलं तसे : जवळून, मग बांधावरून, मग प्रत्येक कोपऱ्यातून, शेजारी मोजपट्टी ठेवून.

दुपारी हेजला गेलो. १८७० च्या दशकात रशियातल्या व्होल्गाकाठचे जर्मन इथे येऊन वसले. त्यांचा बिअरॉक अजून मिळतो. पावाच्या आत कोबी, कांदा आणि बीफ भरून भाजलेला. गरम, मिरपूड जास्त, आणि आदल्या दिवशीची दमणूक उतरवणारा.

शुक्रवार : परतीची वाट

दिवसभर गाडी. विचिटाच्या दक्षिणेला एक वादळांची रांग मागून आली आणि तिच्यापुढे काळ्या ढगाची आडवी कड, शेल्फ क्लाउड, क्षितिजभर पसरलेली. पेट्रोलपंपावरून दोन फोटो घेतले. छान आलेत.

जाणाऱ्यांसाठी एवढंच : एप्रिलमध्ये टेक्सास, मेमध्ये ओक्लाहोमा आणि कॅन्सस, जूनमध्ये नेब्रास्का आणि डकोटा, असा हंगाम उत्तरेकडे सरकतो. अनुभवी माणूस सोबत नसेल तर मार्गदर्शक असलेल्या टूरनेच जा, एकट्याने भाड्याची गाडी घेऊन नको. गारांचं नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात धरलंय का ते आधी वाचा. सिग्नल जातो, म्हणून नकाशे फोनवर उतरवून ठेवा. टाकी अर्ध्यावर आली की भरा. शॉवर कॅप आणि सुती फडकी भरपूर घ्या, लेन्सवरचे थेंब मिनिटाला पुसावे लागतात.

प्लेनोला पोचल्यावर आधी त्या शेतकऱ्याचे फोटो वेळ आणि ठिकाणासह ईमेल केले. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं : तपासनीस पुढच्या आठवड्यात येतोय, फोटो त्याला पाठवलेत, आणि कोपऱ्यातला गहू थोडा उठलाय. मी ते आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला विचार, किती एकर गेलं." विचारलंय.